पोकेमॉन रेड नव्याने बनवायचाय? आधी ब्रॉकपर्यंत पोचा

प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कोल्हापूरचा एक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, सोबत दोन मित्र, त्यातला एक चित्रं काढतो आणि दुसरा म्युझिक करतो. तिघांना मिळून "लहानपणी खेळलेला ओरिजिनल पोकेमॉन रेड" गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी करायचाय, संवाद मराठीत हवेत. विचारलंय की दादा सुरुवात कुठून करू, किती वेळ लागेल, आणि कंपनीची नोटीस येईल का.

आधी माझं सांगतो. दिवसा मी पुण्यात मोबाइल गेम्सच्या आकड्यांचं काम करतो, म्हणजे कुठल्या शत्रूला किती एचपी (म्हणजे जीव), कुठल्या लेव्हलला काय मिळणार वगैरे. आणि २०११ पासून रात्री फॅन गेम्स, म्हणजे दुसऱ्याच्या गेमवर चाहत्यांनी हौसेने केलेले. त्यातले दोन अर्धवट मेले, एक पूर्ण झाला, आणि तिघांचंही मीच कारण आहे.

आता तुझ्या प्रश्नातलीच एक गोष्ट पकडतो, राग मानू नको. तू लिहिलंयस की "ओरिजिनलमध्ये ब्रॉकला हरवल्यावर बूट मिळून धावता यायचं ती मजा परत आणायचीये." (ब्रॉक म्हणजे पहिल्या जिमचा प्रमुख.) बाळा, तो ओरिजिनल नव्हे. धावायचे बूट रेडमध्ये नव्हतेच, ते पहिल्यांदा आले रुबी-सफायरमध्ये २००२ साली. तू खेळलायस तो फायररेड, २००४ सालचा, गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरचा, आणि तो स्वतःच कंपनीने केलेला रीमेक आहे. खरा रेड जपानमध्ये ग्रीनसोबत २७ फेब्रुवारी १९९६ ला आला, अमेरिकेत १९९८ मध्ये रेड आणि ब्लू. म्हणजे तू रीमेकचा रीमेक करायला निघालायस आणि तुला ते माहीतच नाहीये.

आणि यात तुझी चूक काहीच नाही, आपल्याकडे बहुतेकांचं असंच आहे. कार्टून नेटवर्कवर हिंदीत पोकेमॉन बघितला, गेम बॉय कुणाकडेच नव्हता, मग कुणीतरी सायबर कॅफेतून पेन ड्राइव्हवर एक एम्युलेटर (कॉम्प्युटरला गेम बॉय बनवणारा प्रोग्राम) आणि चार रॉम (गेमच्या फायली) आणले. कीबोर्डवर झेड म्हणजे ए बटण, एक्स म्हणजे बी, आणि स्पेसबार दाबून धरला की सगळा गेम सुसाट पळायचा. मी तर गुहेत स्पेसबारवरून अंगठा उचलायचोच नाही. त्यामुळे आपल्या आठवणीतला कँटो, म्हणजे त्या गेममधला प्रदेश, मुळापेक्षा कितीतरी जोरात पळतो. मी पहिल्यांदा खऱ्या गेम बॉयवर खऱ्या कार्ट्रिजने खेळलो तेव्हा वाटलं की बॅटरी उतरलीये, इतकं ते संथ होतं.

तर पहिलं काम हे, तिघांनी बसून ठरवा की नक्की कशाचा रीमेक करायचाय. १९९६ चा रेड, २००४ चा फायररेड, की तुमच्या डोक्यात आहे तो? तिन्ही उत्तरं चालतील. पण तिघांची तीन उत्तरं असतील ना तर सहा महिन्यांनी भांडणं होतात आणि तेव्हा वाटतं की भांडण चित्रांवरून आहे.

माझा पहिला प्रोजेक्ट असाच मेला. आरपीजी मेकर एक्सपी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर आणि पोकेमॉनसारख्या गेमसाठीचं त्यावरचं एसेन्शियल्स किट, आम्ही चौघं, हॉस्टेलची खोली. चार महिने फक्त टायटल स्क्रीन आणि पॅलेट टाउन या पहिल्या गावाची घरं रंगवली. छतावर ऊन पडतंय, झाडाची सावली हलतेय, एक नंबर दिसत होतं. मग लढाया जोडायला घेतल्या आणि लक्षात आलं की एकाला जुने नियम हवेत, दुसऱ्याला नवीन, तिसऱ्याला स्वतःचे शंभर पोकेमॉन घुसवायचेत. व्हिरिडियन शहराच्या पुढे आम्ही कधी गेलोच नाही. वर त्यातच एकाची हार्ड डिस्क बसली आणि बॅकअप कुणाकडेच नव्हता. गिट (फायलींची प्रत्येक आवृत्ती जपून ठेवतं ते) वापरा रे, आजच्या आज, चित्रांसकट.

म्हणून माझं म्हणणं, चित्रं शेवटी. आधी आकडे आणि वेळ. रेड हा गेम जसा वाटतो तसा का वाटतो याचं उत्तर ९० टक्के तिथे आहे. एक लढाई सविस्तर करून दाखवतो म्हणजे पटेल.

प्युटरचा ब्रॉक. रेडमध्ये त्याच्याकडे लेव्हल १२ चा जिओड्यूड आणि १४ चा ओनिक्स. तू आगवाला चार्मँडर घेऊन आलायस, लेव्हल १०. ओनिक्सचा मूळ डिफेन्स १६० आहे, भिंतच ती, पण स्पेशल फक्त ३०, आणि रेडमध्ये स्पेशल हा एकच आकडा, मारायलाही तोच आणि सोसायलाही तोच. सरासरी डीव्ही (प्रत्येक पोकेमॉनचे जन्मजात पॉइंट) धरले आणि ट्रेनिंगचे पॉइंट सोडून दिले तर या ओनिक्सचे एचपी येतात ३६, डिफेन्स ५२, स्पेशल १५. चार्मँडरचा अटॅक १७, स्पेशल १६.

स्क्रॅच, म्हणजे नखांचा साधा मार, मारला. लेव्हल १० चा गुणक ६ येतो, ६ गुणिले ताकद ४० गुणिले अटॅक १७, भागिले ५२, उत्तर ७८. भागिले ५०, उत्तर १, कारण गेम बॉय अपूर्णांक ठेवतच नाही, जे उरलं ते फेकून देतो. अधिक २, झाले ३. दगडावर नॉर्मल मार अर्धा, म्हणून १. छत्तीसातला एक एचपी! आता एम्बर, म्हणजे आगीचा मार, मार. ६ गुणिले ४० गुणिले १६ भागिले १५, उत्तर २५६. भागिले ५० म्हणजे ५, अधिक २ म्हणजे ७, आगवाल्याने आग मारली म्हणून दीडपट म्हणजे १० (साडेदहा नाही, १०), दगडावर अर्धा म्हणजे ५, आणि शेवटी नशिबाचा गुणक लागून ४ किंवा ५. म्हणजे आठ-नऊ एम्बरमध्ये ओनिक्स पडतो. दगडावर आग चालत नाही असं सगळे सांगतात, आणि तरी चार्मँडरवाल्या पोराला खेळता खेळता कळतं की अरे, चालतेय की, स्क्रॅचपेक्षा चौपट चालतेय. हे कुणी शिकवत नाही, ते पोरगं स्वतः शोधतं.

आता तू गोडोमध्ये हेच सूत्र सरळ फ्लोटमध्ये (अपूर्णांक ठेवून) लिहिलंस आणि शेवटी राउंड केलंस तर? स्क्रॅचचं होतं ७८.४६ भागिले ५०, १.५७, अधिक २, ३.५७, अर्धं १.७८, राउंड करून २. झाला ना घोळ, स्क्रॅच एकदम दुप्पट! एका ओळीत प्रत्येक पायरीला खाली कापायचं विसरलास आणि ब्रॉक सोपा झाला. मी हा बग दोन महिने घेऊन फिरलोय, टेस्ट करणारे म्हणायचे "काहीतरी मवाळ वाटतंय" आणि मला सापडेना कारण कोड वाचताना सगळं बरोबरच दिसायचं.

फायररेडमध्ये बघ काय केलंय. तिथे स्पेशल दोन भागांत तुटलंय, मारायचं वेगळं, सोसायचं वेगळं, आणि ओनिक्सचं सोसायचं झालं ४५. एम्बरचा मार कमी बसणार हे त्यांनाही कळत होतं, म्हणून चार्मँडरला लेव्हल १३ ला मेटल क्लॉ दिला आणि रूट २२ च्या गवतात मँकी सोडला, लाथा मारायला. एक आकडा बदलला की दोन ठिकाणी ठिगळ लावावं लागतं. कंपनीने ते लावलं. फॅन रीमेकमध्ये बहुतेकजण आकडा बदलतात आणि ठिगळ विसरतात.

मग बगांचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. रेडमध्ये बग म्हणजे नुसता बाजार आहे. १०० टक्के अचूक मार २५६ मध्ये एकदा हुकतो, कारण अचूकता २५५ म्हणून साठवलीये आणि रँडम आकडा त्यापेक्षा लहान हवा. फोकस एनर्जीने क्रिटिकलची (नशिबाने जास्त जोरात बसणाऱ्या फटक्याची) शक्यता वाढायला हवी, ती उलट चौथाई होते. क्रिटिकल मूळ वेगावर चालतो, वेग भागिले ५१२, आणि स्लॅशसारख्या मारांना त्याच्या आठपट, त्यामुळे पर्शियनचा स्लॅश जवळजवळ दर वेळी क्रिटिकलच. नवशिके पहिल्या दिवशी यादी काढतात आणि सगळं फिक्स करत सुटतात. मीही केलं होतं.

पण यातलं प्रत्येक वेगळं बघावं लागतं. उदाहरणार्थ सायकिक. रेडमध्ये सायकिकवाले भयंकर ताकदवान, आणि सॅफ्रनच्या जिममधला एकजण सांगतो की सायकिकवाले फक्त भुतांना आणि किड्यांना घाबरतात. प्रत्यक्षात कोडमध्ये भुताचा मार सायकिकवर शून्य ठेवलाय, चुकून. सगळे म्हणतात हा बग काढा, बॅलन्स होईल. काढ आणि बघ, काहीही होत नाही! कारण कुठला प्रकार कुणावर किती चालतो हा तक्ता ज्याला लागू पडतो असा भुताचा मार त्या गेममध्ये एकच, लिक, ताकद २०. नाइट शेड आहे, पण त्याचं नुकसान ठरलेलं. आणि भुतं तिघंच, तिघंही अर्धी विषारी, म्हणजे सायकिक एका फटक्यात त्यांनाच लोळवणार. किड्यांचे मारही तसेच लेचेपेचे. तेव्हा बग काढून तुला समाधान मिळेल, बॅलन्स मिळणार नाही, त्यासाठी नवीन मार घालायला लागतील आणि मग तो रेड राहिला का हे तिघांनी परत बसून ठरवायचं.

याउलट शेवटच्या चौघांतल्या लॅन्सचा ड्रॅगनाइट. शेवटच्या ट्रेनर्सचा एआय (त्यांच्या बाजूने खेळणारा कोड) मार निवडताना बघतो की समोरच्यावर कुठल्या प्रकारचा मार जोरात लागेल. पण त्या माराने नुकसान होतं की नाही हे तो बघतच नाही. अ‍ॅजिलिटी आणि बॅरियर हे दोन्ही सायकिक प्रकारचे. म्हणून समोर विषारी व्हीनसोर उभा केला की ड्रॅगनाइट बिचारा अ‍ॅजिलिटी, बॅरियर, अ‍ॅजिलिटी करत बसतो आणि व्हीनसोर आरामात त्याला सोलतो. ह्याला बग म्हणायचं की युक्ती? माझ्या पूर्ण झालेल्या गेममध्ये मी तो सुधारला, एआय हुशार केला, आणि पहिल्याच आठवड्यात तीन जणांनी शिव्या घातल्या की आमचा लहानपणीचा डाव गेला. शेवटी एक स्विच दिला, जुना एआय आणि नवा एआय. "शिन पोकेमॉन रेड" नावाचा जो फॅन हॅक आहे तो बघ, त्यात बग दुरुस्त करून एआय सुधारलाय आणि बरंच काही खेळणाऱ्याच्या मर्जीवर ठेवलंय. त्यातून खूप शिकायला मिळेल.

आणि मिसिंगनो, तो चुकून उगवणारा मोडका पोकेमॉन! त्याला हात लावायच्या आधी तो का होतो ते समजून घे, कारण त्यात सगळा गेम बॉय दिसतो. व्हिरिडियनचा म्हातारा पोकेमॉन पकडून दाखवतो तेव्हा स्क्रीनवर तुझ्या नावाऐवजी त्याचं नाव यायला हवं. मग तुझं नाव तेवढ्यापुरतं ठेवायचं कुठे? गवतातल्या जंगली पोकेमॉनची यादी असते ती जागा त्या वेळी रिकामी, तिथे ठेवलं. पुढच्या रस्त्यावर गेलं की यादी नव्याने भरली जातेच, कुणाला कळणार. पण तू तिथून थेट उडून सिनाबार बेटावर गेलास तर सिनाबारला स्वतःची गवताची यादीच नाही, त्यामुळे जुनीच पडून राहते, म्हणजे तुझं नाव. आता किनाऱ्याचं घर (म्हणजे नकाशातला एका पावलाचा चौकोन) बघ. गेममधलं प्रत्येक घर ८ पिक्सेलच्या चार टाइल्सचं, दोन बाय दोन. पूर्वेच्या किनाऱ्यावर उजवीकडची टाइल पाण्याची आणि डावीकडची काठाची. कोड "जंगली पोकेमॉन यावा का" हे खालच्या उजव्या टाइलवरून ठरवतो, आणि "पाण्यातला की गवतातला" हे खालच्या डाव्या टाइलवरून. झालं, पाण्यात पोहताना गवताची यादी, आणि यादीत तुझ्या नावाची अक्षरं पोकेमॉनचे नंबर म्हणून. आतल्या यादीत १९० जागा आणि पोकेमॉन १५१, उरलेल्या ३९ जागांपैकी एखादी लागली की मिसिंगनो. तो दिसला की पाहिल्याची खूण करताना सहाव्या वस्तूच्या संख्येत १२८ मिळवले जातात, आणि तिथे रेअर कँडी (लेव्हल वाढवणारी गोळी) असली की तिचा पाऊस.

तुझ्या गोडोत हे आपोआप होणारच नाही, कारण तिथे मेमरीची ही काटकसरच नाही. मिसिंगनो हवा असेल तर तो मुद्दाम घडवावा लागेल, आणि मुद्दाम घडवलेला मिसिंगनो म्हणजे लग्नात भाड्याने आणलेला रुसलेला फुफा. मी तरी घालणार नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

हे सगळं मला कसं माहीत, तर रेडचा कोड वाचून. हौशी लोकांनी मूळ रॉम उलगडून त्याचं असेंब्ली परत लिहून काढलंय, पोकेरेड नावाने, आणि ते कंपाइल केलं की मूळ रॉमशी बाइट न बाइट जुळतं. फायररेडचंही तसंच आहे, पोकेफायररेड, आणि ते सी मध्ये आहे, त्यामुळे तुला वाचायला सोपं जाईल. असेंब्लीला घाबरू नको, पहिले १५ दिवस डोकं दुखतं, मग सवय होते. कुठलाही आकडा लागला की विकीवर नको, तिथे बघ.

आता थ्रीडी. खरं सांगू का, मला हे आवडत नाही, पण कारण ऐक आणि मग ठरव. गोल्ड-सिल्व्हर या पुढच्या भागाचा असा एक फॅन रीमेक आहे, पोकेमॉन थ्रीडी, त्यात तू रस्त्यावर उभा राहून डोळ्यांच्या उंचीवरून बघतोस. मेहनत जबरदस्त आहे. पण मूळ नकाशे त्या नजरेसाठी बनलेलेच नाहीत. गेम बॉयचा स्क्रीन १६० बाय १४४ पिक्सेल, म्हणजे एका वेळी १० बाय ९ घरं दिसतात, बस. अख्खं पॅलेट टाउन २० बाय १८ घरांचं, बरोब्बर चार स्क्रीन. व्हिरिडियनचं जंगल चक्रव्यूह वाटतं कारण तुला पाच पावलांपुढचं दिसत नाही आणि किडेवाला पोरगा अचानक स्क्रीनच्या काठावरून "ए थांब" करतो. कॅमेरा मागे घेऊन मोठा केलास की जंगलाची बाग होते, मागच्या कुंपणासकट. पॅलेटमधलं घर बाहेरून चार पावलं रुंद, आत गेलं की आठ. वरून बघताना कुणाच्या लक्षात येत नाही, थ्रीडीत दारातून आत गेल्यावर माणूस थबकतो.

उपाय आहेत. कॅमेरा वरून तिरका ठेव आणि १० बाय ९ च्या आसपासच दिसू दे, कडेला धुकं किंवा झाडं टाक. आणि चालण्याचा वेग घरांच्या हिशोबानेच ठेव, मोकळं फिरणं देऊ नको, कारण मोकळं फिरणं दिलं की ट्रेनरच्या नजरेसमोरून तिरकं निसटता येतं आणि रस्त्यांची सगळी रचनाच कोसळते. बस, थ्रीडीबद्दल एवढंच.

म्युझिकवाल्या मित्रासाठी दोन ओळी. मूळ आवाज चार चॅनेलचा, दोन पल्स, एक वेव्ह, एक नॉइज. जुनिची मासुदांच्या चाली त्या चार चॅनेलमध्ये इतक्या घट्ट बसवल्यात की त्यावर तबला-बासरी चढवली की गोड लागते पण खेळणाऱ्याला पुढे ढकलत नाही. आधी चारच वाद्यांत कर. पोकेमॉनच्या आवाजांची गंमत अशी की १५१ जणांसाठी मूळ आवाज फक्त ३८, बाकी सगळे त्यांचेच सूर आणि लांबी बदलून केलेले, चॅरिझार्ड आणि राइहॉर्न तर एकाच आवाजात ओरडतात. ही काटकसर तुम्हीही करा, रेकॉर्डिंगचे कष्ट वाचतील.

आता मराठी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण यावर कुणी लिहीत नाही आणि मी इथेच सगळ्यात जास्त तोंडावर आपटलोय.

मूळ गेम बॉयवर मराठी विसरा. ८ बाय ८ च्या चौकोनात एक अक्षर, ओळीत १८ अक्षरं, दोन ओळी. त्यात "क्ष्मी" कुठे बसवणार? गोडो ४ मध्ये जोडाक्षरं नीट जुळतात, म्हणून त्या बाबतीत तुझी निवड बरोबर आहे. पण या गेममध्ये मजकूर एकेक अक्षर उमटतो, तो टकटक येणारा वेग म्हणजेच गेमचा श्वास. तू युनिकोडचा एकेक तुकडा दाखवत गेलास तर "क्षि" येताना आधी "क" दिसतो, मग "क्", मग "क्ष", मग "क्षि". चार वेळा अक्षर बदलतं, वाचणाऱ्याचा डोळा फुटतो. पूर्ण अक्षर झाल्यावरच पुढे सरकायचं, म्हणजे तुकडे आधी अक्षरांत बांधून घ्यायचे आणि मग दाखवायचे. ते झालं की वेगही परत मोजा, कारण इंग्रजीच्या तीन-चार अक्षरांचं काम मराठीत बरेचदा एकाच अक्षरात होतं, जुना वेग ठेवला तर वाक्य झपकन संपतं.

मग व्याकरण. इंग्रजीत "अमक्याने तमकं वापरलं" हे एका साच्यात बसतं, नावं टाकली की काम झालं. मराठीत क्रियापद माराच्या लिंगावर जातं. पिकाचूने वीज टाकली, झटका दिला, वादळ आणलं. १६५ मार आहेत, प्रत्येकाला लिंग चिकटवत बसायचं का? आणि पोकेमॉन पडला की "पिकाचू बेशुद्ध पडला", की पडली, की पडलं? रेडमध्ये पोकेमॉनला नर-मादी हा हिशोबच नाही (निडोरानचे दोन प्रकार सोडले तर). माझा भाचा, तेव्हा दहा वर्षांचा, त्याने स्क्वर्टलचं नाव "राणी" ठेवलं आणि पहिल्याच लढाईत "राणी बेशुद्ध पडला" आलं. तो हसून हसून खाली बसला आणि मला म्हणाला, "मामा, तुझ्या गेमला मराठी येत नाही."

दोन रात्री बसून सगळी वाक्यं बदलली. क्रियापदच काढून टाकलं. "राणी गारद!" "पिकाचूचा डाव: थंडरबोल्ट!" जोरात लागला की "घाव वर्मी!" फारसा नाही लागला तर "काही विशेष नाही..." हुकला तर "नेम चुकला!" ती छोटी, तुटक वाक्यं खोक्यातही बसली आणि लढाईला वेगही आला. एक सूचना, मारांची नावं भाषांतर करू नका. आम्ही टॅकलचं "धडक" केलं ते जमलं, मग हुरूप येऊन हायपर बीमचं "महाकिरण" केलं आणि सगळी पौराणिक मालिका वाटायला लागली. नावं तीच ठेवा, बोलणं मराठी करा. ट्रेनर्सची बोली मात्र मनसोक्त करा, चड्डी आवडणारा तो रूट ३ वरचा पोरगा आमच्याकडे अस्सल साताऱ्याचा आहे आणि लोक फक्त त्याच्यासाठी गेम शेअर करतात.

नोटीस. मी वकील नाही, एवढंच सांगतो की पात्रं, नावं, संगीत सगळं दुसऱ्याचं आहे आणि "आम्ही पैसे घेत नाही" म्हटल्याने तो हक्क तुझा होत नाही. युरेनियम नावाचा फॅन गेम नऊ वर्षं खपून ऑगस्ट २०१६ मध्ये आला, १५ लाखांवर डाउनलोड झाले आणि नोटिसांनंतर बनवणाऱ्यांनी लिंका काढल्या. त्याच वर्षी डिसेंबरात प्रिझम, आठ वर्षांचं काम, रिलीजच्या काही दिवस आधी थांबवावं लागलं. मी वर म्हटलं ते एसेन्शियल्स किटसुद्धा २०१८ मध्ये उतरवलं गेलं. यात एक साम्य दिसतं, गाजावाजा. ट्रेलर, काउंटडाउन, रिलीजची तारीख, बातम्या. तुम्ही चॅनेल काढू नका, देणग्या तर अजिबात नाही, एक रुपयाही नाही. बनवा, मित्रांत खेळा, आणि उद्या बंद करा म्हटलं तर मुकाट बंद करायची तयारी ठेवा. आणि नोकरीसाठी दाखवायचं असेल तर त्याच इंजिनवर स्वतःच्या प्राण्यांचा छोटा गेम काढा. मला पहिली नोकरी तशीच लागली, मुलाखतीत दाखवलं ते पोकेमॉन नव्हतं, माझ्या लढाईच्या सूत्राची एक्सेल शीट होती.

किती वेळ लागेल? पूर्ण रेड, आठ बॅजेस, १५१ पोकेमॉन, तिघं जण कॉलेज सांभाळून, तीन-चार वर्षं धर, आणि तोपर्यंत एकजण नोकरीला बेंगळुरूला गेलेला असेल. म्हणून पूर्ण रेड करूच नका. पॅलेटपासून ब्रॉकपर्यंत करा. प्रोफेसर ओकची लॅब, त्याचं पार्सल आणून द्यायची ती कंटाळवाणी फेरी, जंगल, जिम. पंधरा-वीस पोकेमॉन, चाळीसेक मार, एक बॅज. सेव्ह होतं, लोड होतं, पडलं तर पोकेमॉन सेंटरला परत येतं, टायटल आहे, शेवटी "समाप्त" आहे. हे पाच-सहा महिन्यांत होतं. पहिले दोन महिने सगळे पोकेमॉन राखाडी चौकोन, वर नाव लिहिलेलं, चित्रवाल्याला सांग थोडं थांब, किंवा त्याला त्या काळात पोकेरेडमधले नकाशे मोजायला बसव. चौकोन विरुद्ध चौकोन अशी ब्रॉकची लढाई खेळताना घाम फुटला तर मग रंग भरायला घ्या.

आणि टेस्टला एखादं दहा-बारा वर्षांचं पोरगं बसवा, ज्याने हा गेम पाहिलेलाच नाही. तुमचे मित्र नकोत, त्यांना सगळं पाठ आहे. मागे उभे राहा आणि तोंड उघडू नका. माझा भाचा पार्सल घेऊन ओककडे परत जायचं हेच विसरला, अर्धा तास व्हिरिडियनच्या वाटेवर झोपलेल्या म्हाताऱ्याशी बोलत राहिला, आणि मला सांगता येत नव्हतं.

राखाडी चौकोनांचा ब्रॉक झाला की मला बिल्ड पाठव. मी चार्मँडरच घेणार आहे, आणि पहिला मार स्क्रॅच असणार, ओनिक्सचे ३६ चे ३५ होतात का ते बघायला.